शिळेवरून घासलेलं नाव

माघ सरत आला, की आमच्या घरात मी आणि मास्तर एकमेकांशी कमी बोलू लागतो. शेजारणींना वाटतं, उन्हानं माझं डोकं तापतं. तापतं हे खरं. पण ऊन कल्याणात सगळ्यांच्याच डोक्यावर पडतं, आणि सगळ्या बायका काही पंचांगाच्या नावानं भांडी आदळत नाहीत.

मास्तर म्हणजे माझे यजमान. लग्न होऊन मी ठाण्याला आले तेव्हा ते तिथे चित्रकला शिकवीत. सारं गाव त्यांना मास्तर म्हणे, मीही तेच म्हणू लागले. सासूबाईंना ते रुचत नसे, पण सुनेनं नाव घेण्यापेक्षा हे बरं म्हणून त्यांनी चालवून घेतलं.

हे दिवस म्हणजे शिळाछापखान्यांची सुगी. नवं पंचांग पाडव्याला घरोघर पुजलं जायचं असतं, त्याआधी ते छापून, शिवून, गाठोडी बांधून गावोगाव जायला हवं. आमच्या घरामागेच छापखाना आहे. पहाटेपासून शिळांवर रूळ फिरू लागतो. ओल्या कागदाचा वास, मेणकट शाईचा वास, डिंकाच्या आंबलेल्या पाण्याचा वास, आणि त्यात मधूनच वाऱ्यानं आलेला आंब्याच्या मोहोराचा. बाहेर शिमग्याची पोरं बोंबलत फिरतात. लोक म्हणतात, या दिवसांत कसं प्रसन्न वाटतं. मला या वासांनी राग येतो. इतकी वर्षं झाली, मोहोर जुना होत नाही तसा तोही होत नाही.

ठाण्याचा तो वर्ग भाताच्या वखारीच्या माडीवर भरत असे. वखार रावसाहेबांची. रावसाहेब म्हणजे वकिली सोडून गावाच्या सुधारणेला लागलेले गृहस्थ. आपल्या मुलांनी नुसते कारकून होऊ नये, हातानं काही करावं, असं त्यांच्या मनात आलं, आणि चार मंडळी जमवून त्यांनी हा वर्ग काढला. चित्र काढणं, अक्षर वळवणं, वेलबुट्टी बसवणं, शिळेवर उतरवणं, सगळं फुकट शिकवायचं. हेतू चांगला होता. माझा राग हेतूवर नाही.

खाली भाताची पोती, वर आम्ही. पायाखालच्या फळ्यांतून भुसा उडे आणि ओल्या चित्रावर बसे. खिडकीतून खाडी दिसे, तिच्या काठची मिठागरं, आणि या दिवसांत तिथे रचलेले मिठाचे ढीग. दुपारी त्यांच्याकडे बघवत नसे, डोळे दिपत. मी प्रथम वर गेले ती मास्तरांचा डबा घेऊन. मग केर काढू लागले. मग शिळा घासू लागले. एक शिळा पालथी घालायची, मध्ये रेती आणि पाणी, आणि गोल गोल फिरवत राहायचं, जुनं चित्र पार जाईपर्यंत. पाट्यावर वाटणाऱ्या बाईला ते काय शिकवायचं? मुलांचे हात भरून येत, माझे येत नसत. मास्तर म्हणाले, घासतेस तर काढायलाही शीक. माझ्या हाती बोरू दिला तो त्यांनीच. हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं, कारण पुढं त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं नाही.

नातालीन आली ती वर्ग सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी. खाडीकाठच्या किरिस्तावांच्या वाडीतली. बापाची भाजीची वाडी होती, आणि होडीही. पाद्रीबाबांच्या शाळेत चार बुकं शिकलेली, डोळे मोठे, बोलणं धीट. सोबत आत्या, ती जिन्यावर बसून जाळं विणे. वर्गात घ्यायचं की नाही, हे ठरवायला मास्तर प्रत्येकाला अळूचं पान काढायला लावीत. मुलांनी कमळाच्या पाकळीसारखी सुबक पानं काढली होती. हिनं काढलेल्या पानाला भोकं होती.

"ही भोकं कशाला काढलीस?" मास्तरांनी विचारलं.

"पानाला हायेत."

मास्तरांनी पान उचलून बघितलं. होती. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

बसायला म्हणजे माझ्या शेजारी, मागच्या भिंतीशी, मुलांकडे पाठ करून. रावसाहेबांना हे ठाऊक होतं. ते कधीमधी वर येत, मुलांचे कागद बघत आणि आमच्याकडे न बघता खाली उतरत.

शिळेवर सगळं उलटं लिहायचं असतं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. मुलं रडकुंडीला येत. नातालीन भराभर लिही. "बाय, मना उलटाच सोपा हाय," ती मला म्हणाली. "सुलटा लिवायला मना कुनी नीट शिकवलाच नाय. मग काय विसरायचा?" मी हसले, तसा माझ्या अक्षराचा काना शिळेवर फाकला, आणि मला सगळी ओळ घासावी लागली.

माझी एकादशी आणि तिचा ईस्टरआधीचा मोठा उपास एकदा एकाच दिवशी आले. मी घरून भाजलेली रताळी नेली होती. तिचं रताळं पानावर ठेवून पान तिच्यापुढे सरकवलं. हातात द्यायची रीत नव्हती. ती पानाकडे बघत म्हणाली, "शिळा तर दोघी एकाच पान्यात हात घालून धुतो." पुढच्या खेपेला मी हातात दिलं. त्यानं मला काही झालं नाही. घरी जाऊन आंघोळही केली नाही.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी सगळ्यांना एक गोष्ट सांगितली होती. शिळा पाणी पिते आणि तेल धरते. ज्या जागी तेलकट लागलं, मग ती शाई असो, तूप असो की तुमच्या बोटाचा घाम, त्या जागी ती पुढं काळी उमटणार. म्हणून शिळेवर बोट ठेवायचं नाही, हाताखाली कागद घ्यायचा. कुणाचं बोट टेकलं, की मास्तर पट्टी मारीत. मुलांना, आम्हाला, सगळ्यांना सारखी. ही गोष्ट त्या माडीवर सर्वांत जास्त वेळा कुणी म्हटली असेल, तर मास्तरांनी.

मग कल्याणहून पंचांगाचं काम आलं. छापखान्याचे मालक रावसाहेबांच्या ओळखीचे. पंचांगाच्या तोंडच्या पानासाठी गणपती आणि भोवती वेलबुट्टी हवी होती. ज्याचं चित्र निवडलं जाईल, त्यानं ते स्वतः शिळेवर उतरवायचं, खाली त्याचं नाव यायचं, आणि पुढं छापखान्याचं बारमाही काम त्याला मिळायचं.

नातालीनच्या लग्नाची बोलणी तेव्हा वसईकडे चालली होती. काम मिळालं तर थांबतो, असं तिच्या बापानं कबूल केलं होतं. पण कामाहूनही तिला नाव हवं होतं. त्यांच्या देवळातला सणाचा झेंडा तिनंच रंगवलेला. "दर सनाला लोक बोलतात, पाद्रीबाबांनी गोव्यावरशी आनला," ती सांगे. "मी बाजूला उभी रेते. काय बोलू? मीच रंगवला, मीच रंगवला, आसा वरडू?" शिळेच्या कडेला, जिथं काही छापायचं नसतं तिथं, ती आपलं नाव उलटं लिहून बघे आणि पुसून टाकी. ना-ता-ली-न. आपल्या अक्षरांत ते नाव फार देखणं दिसे.

कागदावरची चित्रं रावसाहेबांपुढं मांडली, ती नावांशिवाय. त्यांनी नातालीनचं उचललं. कुणीही तेच उचललं असतं. बाकीचे गणपती भिंतीला टेकून बसल्यासारखे ताठ होते. तिचा किंचित एका अंगाला कलला होता, जणू होडीत बसलाय आणि खालून लाट आली आहे. तो तिनं तसाच पाहिला होता. वाडीच्या बंदरातच गावचे गणपती बोळवतात. "वर्साला बघते मी. पान्यान उतरताना तो जरासा वाकरा होतो, तवा लय ग्वाड दिसतो."

"कुणाचं हो हे?" रावसाहेबांनी विचारलं.

"आपल्याच वर्गातलं," मास्तर म्हणाले.

तेवढंच म्हणाले. तिचं नाव तेव्हाच सांगितलं असतं तर निदान जे व्हायचं ते कागदावर झालं असतं. तिनं किती दिवस त्या शिळेवर मान मोडली! उंदराच्या मिशा काढताना ती श्वास धरून बसे. मी वारा घालायला उठले, तर म्हणे, "बाय, नको, भुसा उडंल."

चित्र पुरं झालं, ते शिळेवर पक्कं करणारं डिंक-तेजाब द्यायचं बाकी होतं. त्याआधी बघायला रावसाहेब आले, सोबत छापखान्याचे मालक. उलटं चित्र सुलटं दिसावं म्हणून शिळेपुढं आरसा धरायचा असतो. रावसाहेबांनी हौसेनं स्वतः आरसा धरला. "वा! काय तेज आहे!" मग आरसा खाली सरकला, आणि त्यांनी नाव वाचलं.

"मास्तर, हे काय?"

मास्तर शाईची वाटी झाकू लागले.

"फिरंग्याच्या पोरीच्या हातचा गणपती? पंचांगावर? लोक हळदकुंकू वाहणार आहेत यावर!"

नातालीन माझ्या शेजारी उभी होती. तिचे हात शाईनं भरलेले होते, ते तिनं ओच्यात घातले.

मालक व्यवहारी. ते म्हणाले, चित्र तर उत्तम आहे, आणि दिवस थोडे आहेत. मग त्या दोघांनी तिथंच, आमच्यासमोर, आम्ही वखारीतली पोती असल्यासारखं ठरवलं, की चित्र ठेवायचं, नाव घासून काढायचं आणि शिळा शुद्ध करून घ्यायची. ज्या शाईनं तो गणपती काढला होता, त्या शाईत चरबी असते. पोथ्यांवर "तुपाची शाई" म्हणून छापतात, पण आत काय असतं ते शिजवणाऱ्याला ठाऊक. त्या चरबीनं कुणी बाटत नव्हतं. मुलीच्या नावानं बाटत होतं.

नाव मास्तरांनी घासलं. सुरीनं आधी, मग घासणीच्या दगडानं. तिच्या डोळ्यांदेखत. त्या दगडाचा करकर आवाज मला आजही दातांत जाणवतो.

दुसऱ्या दिवशी भटजी आले. सोबत पंचगव्य. दूध, दही, शेण, गोमूत्र आणि तूप. तूप! वाटीत त्याचे सोनेरी थेंब तरंगताना मला दिसत होते. मास्तरांनाही दिसत होते. ते शिळेच्या पुढ्यात उभे होते, हाताची घडी घालून. मी मागून म्हटलं, "अहो, त्यात तूप आहे."

रावसाहेब वळले. "वहिनी, धर्मकार्यात मध्ये बोलू नये."

मी मास्तरांकडे बघितलं. एक शब्द बोलायचा होता. गुरू तेच, शिळा त्यांची, आणि बोट टेकलं म्हणून पट्ट्या मारणारेही तेच. ते खिडकीबाहेर मिठाच्या ढिगांकडे बघत राहिले. भटजींनी दर्भ बुडवला आणि मंत्र म्हणत शिळाभर शिंपडलं.

पहिला कागद निघाला तेव्हा गणपतीला देवी आल्यासारखं दिसत होतं. सोंडेवर, पोटावर, मोदकावर, जिथं जिथं थेंब पडला तिथं काळा डाग. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, काय केलंत हे?" भटजी म्हणाले, दोष मोठा होता, तो वर आला. आणि हे ऐकून रावसाहेबांनी खरोखर मान हलवली. शिळेनं तूप धरलं होतं. पण त्या माडीवर मास्तर आणि आम्ही दोघी सोडून सगळ्यांनी मानलं, की किरिस्तावणीचा विटाळ उमटला. मास्तरांना खरं ठाऊक होतं, आणि ते तेव्हाही गप्पच राहिले.

मग ते तिला आमच्या घरी मागीलदारी बोलावून म्हणाले, "नातालीन, कागदावर पुन्हा काढून दे. शिळेवर ही उतरवील. यात कुणाचा अडथळा येणार नाही."

"नि नाव?"

"नाव तूर्त माझं जाईल. पुढं बघू."

तिनं आमच्या तुळशीकडे बघितलं. मग म्हणाली, "मास्तर, तुमी मना पानाची भोका ठेवू दिलात म्हनून मी आले वर्गान. आता तुमीच बुजवताय. मना नको." माझ्याकडे वळली. "बाय, येते." आणि आत्याला हाक मारून गेली.

मीही शिळेला हात लावला नाही. मास्तरांनी दोन दिवस समजावलं, तिसऱ्या दिवशी दरडावलं. शेवटी त्यांनी स्वतः तिच्या पहिल्याच कागदावरून उतरवलं, रेघेला रेघ, कलासकट, आणि खाली आपलं नाव घातलं. पाडव्याला तो गणपती घरोघर पुजला गेला. लोकांना फार आवडला. मास्तरांना छापखान्यानं बारमाही कामाला बोलावलं, वर्ग बंद पडला, आम्ही कल्याणला आलो. नातालीनचं लग्न वसईकडे झालं. आज "मास्तरांचा कलता गणपती" म्हटलं, की कर्जतपासून मुंबईपर्यंत लोकांना कळतं. माझी चूल त्यावर पेटली, मुलं त्यावर वाढली. दर वर्षी माघात शिळा नव्यानं तयार होते, आणि दर वर्षी ते नाव खाली येतं. आणि मला विचारतात, वहिनी, तुम्हाला या दिवसांत काय होतं?

मध्यंतरी ती भेटली, ठाण्याच्या बाजारात. नवरा वारल्यावर मुलांना घेऊन बापाच्या वाडीत परत आलेली. सुकी मासळी घेऊन बसली होती. मला वाटलं, तोंड फिरवील. तिनं फळीवरची जागा पदरानं पुसून मला बसवलं.

"मास्तर बरं हायेत? बघते मी त्याना वर्साला."

"कुठं?"

"पंचांगावर. तितीवरशी भरतीची येल समजते ना, म्हनून आमच्या घरान पंचांग पायजेच. वरता चित्र माजा, खालता नाव त्यांचा. माजी पोरा मना बोलतात, आये, हा देव वाकरा का हाय? मी बोलते, मास्तराना इचारा." आणि ती मोकळेपणानं हसली. मला तिच्या हसण्याचाही राग आला. मी घरी येऊन मास्तरांना ते जसंच्या तसं सांगितलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र जेवले.

यंदा मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. रेघ दिसत नाही. परवा छापखान्याचे मालक स्वतः आले. आता तेही म्हातारे झालेत. ओसरीवर बसून म्हणाले, "मास्तर, चिंता नको. वहिनींचा हात कुठं कमी आहे? त्यांनी काढावा, नाव तुमचं घालू."

मी आतून बाहेर आले. मी काही बोलायच्या आधीच मास्तर म्हणाले, "तो गणपती माझा नाही."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"माझा कधीच नव्हता," ते म्हणाले. "त्या मुलीचा आहे. नातालीनचा. आणि ते डाग तुपाचे होते, मालक. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही."

मला वाटलं, मालक उठून जातील, नाही तर संतापतील. ते तपकीर ओढत म्हणाले, "अहो, तुपाचं मला का ठाऊक नाही? तेव्हाच ठाऊक होतं. रावसाहेबांनाही ठाऊक होतं. आणि गणपती कुणाचा ते अर्ध्या कल्याणाला ठाऊक आहे. खपत होतं, चाललं होतं."

म्हणजे इतकी वर्षं अर्धं कल्याण जाणूनबुजून तिच्या गणपतीला हळदकुंकू वाहत होतं! हात चालत होता. विटाळ होता तो फक्त चार अक्षरांचा.

"मग ती अक्षरं यंदा घाला," मी म्हटलं.

"यंदा नको, वहिनी. पुढं बघू."

"तर या घरातून गणपती मिळणार नाही. आणि तो कलता गणपती दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलात, तर कुणाचा आहे ते मी हळदीकुंकवाला घरोघर जाऊन सांगेन."

ते मास्तरांकडे बघू लागले. मास्तर म्हणाले, "माझं नावही घालू नका." मालक छत्री उचलून, मुंबईला रंगीत चित्रं स्वस्त मिळतात, असं काहीसं पुटपुटत गेले. बारमाही काम गेलं. त्याचं काय करायचं ते मी बघेन. मला लिहिता येतं, उलटं आणि सुलटं.

ओसरीवर आम्ही दोघंच उरलो. मागच्या छापखान्यात रूळ फिरत होता. मास्तरांना वाटलं असावं, की आता मी दोन गोड शब्द बोलेन. ते म्हणाले, "सांगितलं एकदाचं."

"कुणाला सांगितलंत? ज्याला ठाऊक होतं त्याला." मी सूप खाली ठेवलं. "उद्या सकाळच्या गाडीनं ठाण्याला जायचं आहे. मी हाताला धरून नेईन. तिला सांगा."

ते डोळे चोळू लागले. मग हळूच म्हणाले, "तिच्या दारात मी कसा उभा राहू?"

"शिळेपुढं उभे होतात तसेच," मी म्हटलं. "आधी सांगायचं, मग गप्प उभं राहायचं. बोलायची पाळी आता तिची आहे. आणि ती जे बोलेल ते सगळं ऐकून घ्यायचं, खिडकीबाहेर न बघता."